तीन कार्डं, एक कान

सर्व्हर रूमच्या दाराशी सर चपला काढायचे. आत धूळ जाऊ नये, एवढंच त्याचं कारण. पण रांजणगावातल्या आमच्या कारखान्यात त्याची चेष्टा व्हायची. "देऊळ हाय व्हय तुमचं ते," असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "मी ख्रिस्ती माणूस. आन् चर्चमध्ये आम्ही बुटासकट जातो. हितं धूळ नगं, म्हणून काढतो." एकदा कंपनीचे डायरेक्टर पाहणीला आले, त्यांनाही सरांनी दाराशी थांबवून बूट काढायला लावले. डायरेक्टरांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या दिवसापासून वरच्यांपैकी कुणी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि सरांना तेच हवं होतं असा मला अजूनही संशय आहे.

मी खुटबावची. डिप्लोमा झाल्यावर शिरूरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि कंपनीच्या बसनं रांजणगावला जायला लागले. आयटीत माणसं दोनच, सर आणि मी. सर शिरूरचेच, मिशनच्या आवारातल्या एका बैठ्या घरात वाढलेले. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. मी लागले तेव्हा सर पन्नाशीला आले असतील. उंच, थोडे पोक काढून चालणारे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पेनंच काय, त्यांचं सगळंच दोन असायचं. दोन चष्मे, दोन रुमाल, डब्यात दोन चमचे, स्कूटरच्या डिकीत क्लचच्या दोन केबली. "एक बंद पडलं तर?" एवढंच म्हणायचे. स्टोअरमधल्या एकानं विचारलं, "मग बायको एकच कशी काय?" सर शांतपणे म्हणाले, "ती बंद पडली तर मीच बंद पडणार. मग दुसरी कुणासाठी?"

चारशे माणसांना इंटरनेट पुरवणारा हा माणूस स्वतः ते वापरत नसे. फोन बटणांचा. बातम्या शिरूरच्या एसटी स्टँडवर विकत घेतलेल्या पेपरातून. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि सोमवारी मला सांगायचे की काल दुसऱ्या गाण्यात एक सूर चुकला, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, पण चुकला. दिवसभर ते त्यांच्या मनातून जायचं नाही. डबा उघडतानासुद्धा म्हणायचे, "बोट सरकलं कसं कळंना."

कंपनीतलं सगळं इंटरनेट एकाच मशीनमधून जायचं. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. ऑफिसातल्या कुणी एखादी साइट मागितली की त्याच्या वतीनं हे मशीन बाहेर जातं, ती आणतं आणि त्याच्या हातात देतं. सरांनी ते एका जुन्या डेस्कटॉपवर स्वतः उभं केलं होतं. मागच्या बाजूला तीन नेटवर्क कार्डं होती. एकातली वायर बाहेरच्या लाइनला, दुसऱ्यातली ऑफिसला, आणि तिसऱ्यातली शॉप फ्लोअरला, जिथं लोखंड कापणारी मोठी मशीनं होती. त्या मशीनांचे रिपोर्ट ऑफिसात यावेत एवढ्यापुरतंच तिसरं कार्ड. त्यांना इंटरनेट द्यायचं नाही, हा सरांचा कायदा. प्रत्येक वायरला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनानं लिहिलेलं: बाहेर, ऑफिस, मशीन.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "प्रॉक्सी कुठं ऐकतो?"

मी पाठ केलेला पोर्ट नंबर, म्हणजे मशीनच्या ज्या दारातून मागणी येते त्याचा क्रमांक, सांगितला.

"नंबर न्हाई विचारला. कुठल्या कार्डावर ऐकतो?"

मला ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्यांनी प्रॉक्सीच्या सेटिंगची फाइल उघडून एक ओळ दाखवली. पोर्टच्या आधी ऑफिसच्या कार्डाचा पत्ता लिहिलेला होता. "कार्डं तीन, पण कान एकच," ते म्हणाले. "हा पत्ता काढला की तो तिन्हीकडनं ऐकाया लागतो. ऑफिसचंबी ऐकतो, मशीनचंबी ऐकतो आन् रस्त्यावरच्या कुणाचंबी ऐकतो. त्याला माणसं वळखू येत न्हाईत. आपण सांगायचं असतं."

त्यानंतर तीन दिवस त्यांनी मला फक्त वायरी शोधायला लावलं. एका टोकाला धरायचं आणि दुसरं टोक कुठं जातं ते पाहून यायचं. मला अपमान झाल्यासारखा वाटला. चौथ्या दिवशी पत्रे गरम होऊन कँटीनच्या मागची लाइन बंद पडली तेव्हा मी डोळे मिटून सांगू शकले की ती कुठून गेलीय. त्या दिवशी सरांनी डब्यातला दुसरा चमचा मला दिला.

त्यांची आणखी एक सवय होती, जिच्यामुळं लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. प्रॉक्सीच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ते ती बंद करण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे. उभं राहून, एक हात टेबलावर ठेवून, चर्चमध्ये पाठ वाचतात तशा आवाजात. इंग्रजी शब्द, आकडे, टिंबं, सगळं. वाचून झालं की काय बदललं ते तारीख-वार घालून वहीत लिहायचे आणि सही करायचे. मग बसायचे. मी हसू दाबायला खिडकीकडं बघत असे. पण सहा वर्षांच्या त्या वह्या त्यांच्या कपाटात होत्या, आणि कुठलीही वही काढून कुठल्याही दिवशी काय झालं ते ते सांगू शकत.

त्या मशीनचा पासवर्ड मला दीड वर्षानं मिळाला. एका पाकिटात, चिकटवून. "आपल्या दोघांचा एकच लॉगिन हाय," ते म्हणाले. "तू केलं काय आन् मी केलं काय, मशीनला फरक कळत न्हाई. म्हणून वही."

एकदा त्यांची स्कूटर बंद होती तेव्हा आम्ही बसमध्ये शेजारी बसलो होतो. कारेगाव मागं पडल्यावर ते आपणहून वडिलांबद्दल बोलले. मास्तर शेवटची सहा वर्षं सगळं विसरले होते. सर रोज संध्याकाळी घरी गेले की वडील उठून उभे राहायचे, नमस्कार करायचे आणि विचारायचे, "साहेब, माझा मुलगा कामावरनं कवा येणार?" सर म्हणायचे, "येतोय, वाटंवर हाय." सहा वर्षं त्यांनी हे उत्तर दिलं. "सुरुवात कशी झाली ठावं हाय का?" त्यांनी मला विचारलं. "शाळेच्या कपाटाची किल्ली कपाटाला तशीच सोडली एक दिवस. जन्मात कवा सोडली न्हवती." वही, मोठ्यानं वाचणं, दोन-दोन वस्तू, या सगळ्याच्या मागं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी खिडकीकडं बघणं सोडलं.

आता तो शनिवार.

सरांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं. तिला तपासायला न्यायचं म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, आणि दवाखान्यात फोन बंद ठेवायची त्यांची पद्धत होती. इकडं शॉप फ्लोअरवर एक नवं मशीन सकाळपासून थांबलेलं. ते बसवायला आलेला इंजिनीअर इंदूरकडचा होता. त्याला मशीनमध्ये काहीतरी उतरवून घ्यायचं होतं आणि त्यासाठी त्याला त्या मशीनवरच इंटरनेट हवं होतं. "मॅडम, बस एक घंटा नेट दे दो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी सर येईपर्यंत थांबायला सांगितलं. मग प्लँट हेड स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"दोनपर्यंत मशीन चालू पाहिजे," ते म्हणाले. "कसं करायचं ते तू बघ. तेवढं येतं ना तुला?"

त्याच महिन्यात माझं पर्मनंटचं पत्र निघायचं होतं. शिफारस सरांनी लिहिली होती. मला येतं, हे मला दाखवायचं होतं.

खरं तर मशीनच्या कार्डाचा पत्ता घालून आणखी एक ओळ लिहायची, आणि काम झालं की ती पुसायची, एवढंच करायचं होतं. पण तो पत्ता मला आठवेना, आणि इंजिनीअर मागं उभा होता. मी असलेल्या ओळीतला पत्ता काढून टाकला. फक्त पोर्ट ठेवला. तरी चालेना. मग कुणाला परवानगी आहे ती ओळ बदलून सगळ्यांना परवानगी दिली. तरी चालेना. शेवटी बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल बंद करून बघितली, आणि चाललं. इंजिनीअर हसला. मी वहीत काही लिहिलं नाही, कारण तासाभरात सगळं परत होतं तसं करणार होते.

काम दोनाऐवजी चारला संपलं, आणि चारलाच सर आले. येऊन सरळ प्रॉक्सीसमोर बसले. हिशेब विभागाला सरकारी कराची एक साइट उघडून हवी होती, ते काम त्यांनी सकाळीच कबूल केलं होतं. मी त्यांच्या मागं उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. वहीशिवाय फाइलला हात लावला म्हणून ते काही ओरडले नसते. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं असतं, आणि ते मला नको होतं. त्यांनी फाइलच्या तळाशी जाऊन एक ओळ घातली. उठून उभे राहिले, टेबलावर हात ठेवला, वर जाऊन वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात फोन वाजला. घरून होता. बायकोच्या डोळ्यातून रक्त येत होतं.

त्यांनी फाइल तशीच जतन केली आणि चपला हातात घेऊन पळत गेले. मी त्यांच्याबरोबर पाच वर्षं काम केलं, पण त्यांना पळताना तेवढं एकदाच बघितलं.

सगळं परत होतं तसं करायला मला पाच मिनिटं पुरली असती. पण प्लँट हेडनी मशीन चालू झालं म्हणून मला खाली बोलावलं, सगळ्यांसमोर शाबासकी दिली, चहा दिला. तिथून निघाले तर बस सुटायच्या बेतात होती. सोमवारी आल्या आल्या करते, असं म्हणून मी बसमध्ये चढले. रविवारी खुटबावला चुलतबहिणीची हळद होती. मला आठवतंय, मी खूप नाचले.

सोमवारी बस गेटपाशी पोचली तर पहिल्या शिफ्टची माणसं बाहेर उभी होती. आत शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येक स्क्रीनवर एकच लाल चौकट: पैसे भरा, मगच मशीन उघडेल. रविवारच्या एका दिवसात बाहेरच्या कुणाला तरी आमचा प्रॉक्सी उघडा सापडला होता. प्रॉक्सी सगळ्यांचं ऐकत होता, म्हणून त्यानं त्या बाहेरच्याचंही ऐकलं, आणि त्याला आतल्या मशीनांपर्यंत नेऊन सोडलं. कारखाना आठ दिवस बंद राहिला. कंत्राटी माणसांना घरी पाठवलं, त्यातली बरीचशी परत आली नाहीत.

पुण्याहून तपासाला एक कंपनी बोलावली होती. मीटिंग रूममध्ये त्यांच्या माणसानं भिंतीवर ती फाइल दाखवली. पोर्टच्या आधी पत्ता नव्हता, परवानगी सगळ्यांना होती, आणि फायरवॉलही बंद सापडली होती. सर खुर्चीतून उठले आणि भिंतीच्या जवळ गेले. दुसरा चष्मा काढून लावला. "हे कवा झालं?" असं त्यांनी विचारलं ते आम्हा कुणाला नव्हतं.

तपासणारा म्हणाला, "फाइल शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी सेव्ह झाली आहे. त्या वेळी कोण होतं?"

"मी," सर म्हणाले. त्यांनी वही उघडली. शनिवारचं पान कोरं होतं, त्यांनी घातलेली ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. त्यांनी मागची पानं चाळली, पुन्हा तिथंच आले. "लिवलेलं न्हाई," ते म्हणाले. "वाचलंबी न्हाई त्या दिशी. शेवटचा हात माझाच हाय."

प्लँट हेड माझ्याकडं वळले. शनिवारी दुपारी माझ्या टेबलाशी हाच माणूस उभा होता. त्यानं मला स्वच्छ आवाजात विचारलं, "तुला याबद्दल काही माहीत आहे?"

मी म्हणाले, "नाही सर."

सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात माझा विचारच आला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते भिंतीवरच्या ओळीकडं बघत होते आणि त्यांना त्यांचे वडील दिसत होते.

राजीनामा त्यांनी स्वतःच लिहिला. कारणाच्या जागी 'प्रकृती' असं लिहिलं. कुणी त्यांना थांबवलं नाही. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "शिफारस मी आधीच पाठवलीया, तिला काय व्हणार न्हाई. तू काळजी करू नगं." माझं पत्र पुढच्या आठवड्यात आलं.

त्यानंतर मी तिथं एक वर्ष काढलं. मग लग्न झालं, यवतला राहायला आले, पुण्यात दुसरी नोकरी धरली. या काळात मी सरांना एकदाही फोन केला नाही. त्यांनी मिशनच्या आवारातलं घर सोडलं आणि बायकोच्या माहेरी दौंडला गेले, एवढं कानावर आलं होतं. एका कॉलेजात लॅब सांभाळायला लागले आणि पंधरा दिवसांत सोडून आले, असंही कुणीतरी सांगितलं. मी स्वतःला समजावत होते की वय झालं, दमले असतील.

त्या शनिवारनंतर चार वर्षांनी, मला मुलगी झाल्यावर, मी एका रविवारी दौंडला गेले. का तेव्हाच, ते सांगता येत नाही. तिला झोपवताना मला तो "नाही सर" ऐकू यायचा, एवढं खरं.

रेल्वेच्या जुन्या वसाहतीपलीकडं त्यांचं घर. दार बाईंनी उघडलं, सरांच्या बायकोनं. एक डोळा बराच लहान झालेला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला लगेच आत नेलं नाही. ओट्यावरच हळू आवाजात म्हणाल्या, "कॉम्प्युटरचं काही बोलू नका. ते मशीनला हात लावत न्हाईत आता. गॅस पेटवत न्हाईत. कुलूप मीच लावते. पेटीसुद्धा बंद केली, बोट चुकंल म्हणत्यात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तीन डॉक्टर झाले. सगळे तपास झाले. काही झालेलं न्हाई म्हणत्यात सगळे. यांना पटत न्हाई. माझ्या बापालाबी आधी काही झालं न्हवतं, म्हणत्यात."

सर खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मला ओळखलं, लगेच, नावानिशी. आईची चौकशी केली, मला मुलगी झाल्याचं ऐकून हसले, खुटबावला कॅनॉलला पाणी आलं का विचारलं. त्यांच्या स्मरणशक्तीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मग मी त्यांच्या समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. इंजिनीअर, प्लँट हेड, पत्ता मी काढला, परवानगी मी उघडली, फायरवॉल मी बंद केली. कितीला केलं, कशानंतर काय केलं. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी हातातली शेंग फोडली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"पोरी," ते म्हणाले, "तू हे कशासाठी करतीयास ते मला कळतंय."

"सर, खरं सांगतेय. मीच केलं."

"तू केलं असतं तर त्याच दिशी सांगितलं असतंस. तुला मी शिकवलंय. मी का तुला वळखत न्हाई?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, फाइलमधल्या ओळी जशाच्या तशा सांगितल्या, तर ते मान हलवत ऐकत राहिले, आजारी मुलाची बडबड ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "तुला ओळी पाठ हायत, ते मीच करून घेतलंय तुझ्याकडनं. आता बास. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांबनं आलीस, ते पोचलं मला. अगं, ताट वाढ हिला."

मी नको म्हणाले. बाईंनी तीन ताटं केली. शेंगदाण्याचं कालवण, भाकरी. आम्ही खाली बसलो. सरांनी हात जोडले, मान खाली घातली आणि प्रार्थना सुरू केली. घरातली त्यांची बोली तिथं बदलली, आवाज स्थिर झाला.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो. आज तू या लेकराला आमच्या घरी पाठवलंस. तिनं दुसऱ्याचा दोष आपल्या माथी घेतला. असं मन तू फार थोड्यांना देतोस. तिला आणि तिच्या बाळाला सांभाळ, आणि तिला कधी कुणाचं ओझं वाहावं लागू नये असं कर."

मी डोळे उघडले. सरांचे डोळे घट्ट मिटलेले होते. बाईंनी मिटले नव्हते. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना माझा शब्द न् शब्द खरा वाटला होता. सर आमेन म्हणाले आणि थांबले, कारण आम्ही दोघींनी ते म्हणायचं बाकी होतं.